मुलाखतीआधीची फाइल

मंगळवार, रात्री

गुरुवारी मुलाखत. दुबईतली शाळा, आठवी ते दहावीचं विज्ञान. त्यांचे दुपारचे दोन म्हणजे आपले साडेतीन, म्हणून माझे शेवटचे दोन तास शेजारच्या वर्गाच्या मॅडमनी घ्यायचं कबूल केलंय. जेवणं उरकली, ओटा आवरला आणि सगळे कागद पलंगावर मांडून बसले.

सगळ्यात आधी नावाचा प्रश्न मिटवायचा, हे माझं ठाम मत झालंय. दहावीपासून बीएडपर्यंत सगळीकडे माझं माहेरचं नाव, तेही आपल्या पद्धतीनं: आधी आडनाव, मग मी, मग वडील. पासपोर्ट लग्नानंतरचा, त्यात नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. इथे कुणाला त्याचं काही वाटत नाही, आपल्याकडच्या निम्म्या शिक्षिकांचे कागद असेच असतात. तिकडे फाइल उघडणाऱ्याला मात्र या दोन वेगळ्या बायका वाटणार. म्हणून महापालिकेचा विवाह नोंदणी दाखला आणि राजपत्रातली नावबदलाची जाहिरात, हे दोन कागद पासपोर्टच्या लगेच मागे लावले. सीबीएसला, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकापाशी, कोर्टाजवळ बसणाऱ्या टायपिस्ट काकांकडून दाखल्याचं इंग्रजी भाषांतर करून घेतलं होतं, नोटरीचा शिक्का मारलेलं. काकांनी पासपोर्ट समोर उघडून ठेवला आणि नावातलं एकेक अक्षर बोट ठेवून जुळवलं. कुठे ‘ए’ एक आहे, कुठे दोन, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

बाबा, म्हणजे सासरे, मधेच येऊन खुर्चीत बसले. त्यांची सगळी नोकरी नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये गेली. आपल्या देशाच्या पासपोर्टची पुस्तिका तिथेच छापतात, पोस्टाची तिकिटं आणि स्टॅम्प पेपरही. त्यांनी माझा पासपोर्ट घेतला, एक पान दिव्यापुढे धरून बघितलं, आणि म्हणाले, “मूळ कागद कुणाच्या हातात द्यायचा नाही. आणि प्लास्टिकमध्ये तर घालायचाच नाही.” पहिल्या गोष्टीशी मी पूर्ण सहमत. दुसरी तर फार लोकांना माहीत नसते. साक्षांकनाचे, म्हणजे कागद खरा असल्याची सरकारी खात्री देणारे, शिक्के आणि स्टिकर मूळ प्रमाणपत्राच्या मागच्या कोऱ्या बाजूवर येतात. लॅमिनेट केलेल्या डिग्रीवर ते लावता येत नाहीत, आणि मग विद्यापीठाकडे दुसऱ्या प्रतीसाठी अर्ज करत बसावं लागतं. माझी डिग्री बाबांमुळेच साध्या पारदर्शक पाकिटात राहिली.

साक्षांकनाचं गणित देशागणिक बदलतं, हे मला या खटाटोपातच नीट कळलं. 1961 चा हेग करार ज्या देशांनी मान्य केला, तिथे राज्य शासनाच्या साक्षांकनानंतर आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील, म्हणजे त्या सगळ्या देशांत चालणारं एकच साक्षांकन, पुरतं. भारत त्यात 2005 मध्ये आला. शेजारचा ओमानही आहे. संयुक्त अरब अमिराती मात्र नाही, त्यामुळे दुबईसाठी लांबचा रस्ता: आधी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीचा दूतावास, आणि तिकडे पोचल्यावर त्यांचं परराष्ट्र मंत्रालय. प्रत्येक ठिकाणी फी आणि प्रत्येक ठिकाणी वाट बघणं. हे सगळं मुलाखतीच्या आधी करायची गरज नाही. मुलाखतीला स्वच्छ स्कॅन चालतात. पोलिसांकडचा चारित्र्य दाखलाही नंतरच काढेन, तो जुना झाला की परत मागतात.

एका एजंटने मुलाखतीआधीच मूळ डिग्री ‘प्रोसेसिंगसाठी’ मागितली होती. मी सरळ नाही म्हटलं. परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्याकडे 1983 च्या उत्प्रवास कायद्याखालचा परवाना लागतो. तो खरा आहे की नाही ते सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येतं, आणि त्याला घेता येणारी फी जास्तीत जास्त 30,000 रुपये अधिक जीएसटी. आमच्या शाळेतल्या तरुण शिक्षिकांना मी हे पुन्हा पुन्हा सांगते.

पण माझा जीव खरा अडकला होता तो अनुभवाच्या दाखल्यात. आधीच्या शाळेनं पहिल्यांदा दिलेला दाखला तीन ओळींचा होता: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत नोकरी, वर्तणूक चांगली. एवढ्यावरून मी प्रयोगशाळा सांभाळली की हजेरी भरली, कुणाला काय कळणार? मी परत गेले. तिथले कारकून भाऊसाहेब, त्यांना विनंती केली की इयत्ता, विषय, आठवड्याचे तास आणि माध्यम लिहा. माध्यम तर हवंच. ती शाळा सेमी इंग्रजी, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. महाराष्ट्राबाहेरच्या माणसाला ते सांगितल्याशिवाय समजत नाही, आणि नुसतं ‘मराठी शाळा’ दिसलं की या बाईला इंग्रजीतून शिकवता येतं का, अशी शंका येते. भाऊसाहेबांनी जुनी वेळापत्रकं काढली, माझे तास मोजले, नवा मसुदा करून मुख्याध्यापिका बाईंची सही घेतली. मग जावक रजिस्टर पुढे ओढलं, हिरव्या शाईनं नंबर टाकला आणि तोच नंबर दाखल्यावर दोनदा तपासून लिहिला. “उद्या तिकडून फोन आला मॅडम, तर मला हे पान उघडून सांगता यायला पाहिजे,” म्हणाले. इतकी वर्षं त्या टेबलासमोरून गेले, त्यांच्या कामाची किंमत मला त्या दिवशी कळली.

तरीही हे सगळे कागद मी कोण आहे आणि कुठे होते एवढंच सांगतात. मी कशी शिकवते ते त्यात कुठे येत नाही. म्हणून पाठ टाचणाची वही काढली. आठवीचा आम्ल-आम्लारीचा पाठ, हळदीचा कागद आणि साबणाचं पाणी. पानाच्या कोपऱ्यात हळदीचा डाग आहे, त्याच्या कडेला साबणाचा थेंब पडून लाल झालेली रेघ. खाली मी पेन्सिलीनं लिहून ठेवलंय: मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, लिंबू पिळलं तर परत पिवळं होईल का? पुढच्या तासाला लिंबू आणले होते, सगळ्यांनी करून बघितलं. झालं पिवळं.

ते पान त्यांनी मागितलेलं नाही. मी स्कॅन करून, बाजूला इंग्रजीत चार ओळी लिहून, अनुभवाच्या दाखल्याच्या मागे लावणार आहे. आणि मुलाखतीत मीही तीन गोष्टी विचारणार: साक्षांकनाचा खर्च कोण करणार, मूळ कागद किती दिवस आणि कुणाकडे राहणार, आणि वर्गात मुलांना स्वतःच्या हातानं प्रयोग करू देतात का.