पीठ द्रव की स्थायू?

मंगळवार, जानेवारीचा दुसरा आठवडा

पदार्थाच्या अवस्था शिकवताना फळ्यावर व्याख्या लिहून सुरुवात करायची नाही, असे यंदा चौथीच्या वर्गासाठी मी ठरवले होते. स्थायूला स्वतःचा आकार असतो, द्रव भांड्याचा आकार घेतो आणि वायू मिळेल ती सगळी जागा व्यापतो, ही वाक्ये मुलांना लगेच पाठ होतात. पण ती पाठ झाली की पुढे काही तपासून पाहावे असे मुलांना वाटत नाही. म्हणून आज आधी वस्तू हाती दिल्या आणि नावे नंतर सांगितली.

दगड, पाणी, तेल यांची विभागणी चटकन झाली. खरा वर्ग सुरू झाला तो गव्हाच्या पिठापाशी. एका मुलीने पीठ वाटीतून डब्यात ओतले आणि ती म्हणाली, "बाई, हे पण डब्याचा आकार घेतंय की! मग हे द्रवच." निम्मा वर्ग तिच्या बाजूने झाला. मी उत्तर न देता दोन ताटल्या मांडल्या, एकीत पाणी आणि दुसरीत पीठ ओतायला सांगितले. पाणी पसरून सपाट झाले, पिठाचा मात्र ढीग राहिला. मग जाडे मीठ भिंगाखाली ठेवले. खड्यांच्या सरळ कडा पाहिल्यावर त्याच मुलीने खडा या वाटीतून त्या वाटीत टाकून पाहिला आणि त्याचा आकार बदलत नाही, हे स्वतःच सांगितले. प्रत्येक कण स्थायू असून पुष्कळ कण मिळून ओतता येतात, या निष्कर्षापर्यंत वर्ग आपल्या पायांनी पोहोचला. व्याख्येच्या कडेला उभे असलेले असे पदार्थच मुलांना विचार करायला लावतात, म्हणून पीठ, मीठ आणि वाळू यांना या पाठात दगडापेक्षा जास्त वेळ द्यायला हवा, असे माझे मत आहे.

सकाळच्या थंडीत खोबरेल तेलाची बाटली गोठलेली होती. साधारण 24 अंश सेल्सिअसच्या खाली हे तेल थिजते, त्यामुळे आपल्या भागात हा प्रयोग हिवाळ्यात आपोआप घडतो. मुलांनी बाटली आळीपाळीने तळहातांत धरली, मग उन्हात ठेवली, आणि मधल्या सुट्टीपर्यंत तेल पातळ झाले. तेल म्हणजे द्रवच, असे ठामपणे सांगणाऱ्यांना एकच पदार्थ एकाच दिवशी दोन अवस्थांत दिसला. अवस्था तापमानावर ठरते, हे वाक्य मी यानंतर उच्चारले.

वायूचे काम सर्वांत अवघड, कारण मुलांच्या लेखी हवा म्हणजे काहीच नाही. औषधाच्या दुकानातून आणलेल्या सुई नसलेल्या नव्या सिरिंजा वाटल्या. आत हवा घेऊन तोंडावर बोट दाबले आणि दट्ट्या ढकलला की तो थोडा आत जातो, मग अडतो, आणि सोडताच मागे उसळतो. सिरिंज पाण्याने भरून तेच केले तर दट्ट्या जागचा हलत नाही. "रिकाम्या सिरिंजमध्ये कोणीतरी ढकलतंय," असे एक मुलगा म्हणाला, तेव्हा हवा जागा व्यापते हे त्याच्या अंगठ्याला कळले होते.

बर्फ घातलेल्या स्टीलच्या लोट्याबाहेर थेंब जमताच मुलांनी लोटा पाझरतो असे ठरवले. मी आतल्या पाण्यात लाल रंग मिसळायला सांगितला. बाहेरचे थेंब बिनरंगी राहिले आणि हे पाणी आले कोठून, हा प्रश्न वर्गातूनच उभा राहिला. हवेतील न दिसणारी वाफ गार पृष्ठभागावर थंड होऊन पाणी बनते, हे सांगण्याची योग्य वेळ तीच होती.

मैदानावर मुलांना कण बनवून हात धरून उभे करण्याचा आणि मग पळवण्याचा खेळ पुष्कळ जण घेतात. मी तो वरच्या इयत्तांसाठी ठेवला आहे, कारण लहान मुले त्यातून कणच वितळतात किंवा फुगतात असा अर्थ काढतात, आणि तो पुढे पुसणे कठीण जाते.

वर्ग सुटताना मधाचा प्रश्न निघाला. तो इतका सावकाश सरकतो, मग त्याला द्रव म्हणायचे का? उद्या तिरप्या ताटावर पाणी, गोडेतेल आणि मध यांचे थेंब एकाच वेळी सोडायचे, आणि मध वाटीत ओतल्यावर त्याचा पृष्ठभाग सपाट होण्याची पुरेशी वाट पाहायची. मध घरून आणायचे मुलांनीच ठरवले आहे.