आमची वाटचाल : रिकाम्या जागेचं काम

सुरुवातीला आम्ही दोघंच होतो. एक भाड्याची खोली, एक ओव्हन आणि टेफ्लॉनच्या अस्तराचे चार ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखाली तापवायची बंद भांडी. धातूचे अणुसमूह हे सांधे आणि सेंद्रिय रेणू या दांड्या. दोन्ही द्रावणात घालून तापवले की स्फटिकाची पोकळ चौकट आपसूक उभी राहते. तिलाच मॉफ (मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क) म्हणतात.

पहिलं उत्पादन यूआयओ-६६ नावाचं मॉफ. १९९९ मध्ये गाजलेलं मॉफ-५ दमट हवेत मोडतं, हे पाण्यातही टिकतं, म्हणून याची निवड. झिर्कोनियमच्या सहा अणूंच्या सांध्याला टेरेफ्थॅलिक आम्लाच्या बारा दांड्या; डीएमएफ या द्रावकात १२०° सेल्सिअसला रात्रभर. ॲसेटिक आम्ल घातलं की ते दांड्यांशी जागेसाठी झगडतं, त्यामुळे स्फटिक सावकाश आणि नीट वाढतात.

छोट्या बाटलीत सगळं जमलं. मग मोठी ऑर्डर आली. स्फटिकाची रचना दाखवणारा एक्स-रेचा आलेख तंतोतंत जुळला, माल पाठवला आणि तो परत आला. छिद्रांच्या आतल्या भिंती धरून ग्रॅममागे हजार चौरस मीटरच्या वर हवं असलेलं पृष्ठफळ निम्म्यावर होतं. चौकट बरोबर होती, पण छिद्रांत डीएमएफ आणि शिल्लक राहिलेलं आम्ल तसंच अडकलेलं. शिखरं जागच्या जागी होती, त्यामुळे आलेख बघून आम्हाला शंकाही आली नाही. धुण्यात घाई केली होती, चूक आमचीच. बॅच पुन्हा धुतली, तीन दिवस मिथेनॉल बदलत राहिलो, मग व्हॅक्यूममध्ये तापवली.

तेव्हापासून बनवण्यापेक्षा रिकामं करण्याला आम्ही जास्त वेळ देतो. नव्या मुलांना हे शिकवायला एचकेयूएसटी-१ हे दुसरं मॉफ दाखवतो. तांब्याची ही भुकटी आधी आकाशी असते. व्हॅक्यूममध्ये तापवली की तांब्याला धरून बसलेलं पाणी सुटतं आणि ती गडद जांभळी होते. झाकण उघडलं की हवेतली ओल पिऊन डोळ्यांदेखत पुन्हा फिकट पडते. हे एकदा पाहिलं की कोणी बरणी उघडी ठेवत नाही.

२०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मॉफवरच्या कामासाठी कितागावा, रॉबसन आणि याघी यांना मिळालं, त्या दिवशी आम्ही सगळे काम थांबवून बातमी ऐकत होतो. चौकशा वाढल्या. आता प्रत्येक डब्यासोबत त्याच बॅचची छिद्रं किती रिकामी आहेत ते दाखवणारा नायट्रोजन शोषणाचा आलेख जातो, मागितला नाही तरी.

सध्या डीएमएफपासून सुटका करून घ्यायची खटपट चालू आहे. फ्युमॅरिक आम्ल घेतलं तर झिर्कोनियमची चौकट पाण्यातही बनते. लहान भांड्यात ती छान होते. मोठ्या भांड्यात दाणे अजून फार बारीक येतात आणि गाळणी तुंबते. या आठवड्यात ढवळण्याचा वेग कमी करून पाहतोय.