तार्त्युफची एन्ट्री आणि टेबलाखालचा ऑर्गाँ

फ्रेंच नाटककार मोलिएरच्या ‘तार्त्युफ’ नाटकातला ढोंगी धर्मात्मा तार्त्युफ तिसऱ्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशापर्यंत दिसतच नाही, दोन अंक घर त्याच्यावरून भांडतं. मोलकरीण दोरीन दिसताच तो नोकराला आपला देहदंडासाठीचा टोचरा केसांचा सदरा आणि आसूड आवरून ठेवायला सांगतो. नटाने आधी तिच्याकडे पाहायचं, मग बोलायचं. क्रम चुकला की तो खरा भक्तच वाटतो.

चौथ्या अंकातल्या टेबलाचं कापड जमिनीपर्यंत हवं. खाली लपलेला ऑर्गाँ, तार्त्युफवर आंधळा विश्वास ठेवणारा घरधनी. तार्त्युफ लगट करत असताना ऑर्गाँची बायको एल्मीर खोकून खुणावत राहते, ऑर्गाँ बाहेर येत नाही. कापड उगाच हलवलं तर तो ताण जातो. बायकोची अब्रू पणाला लागूनही नवरा उठत नाही, हे फार भेदक आहे.

१६६४ मध्ये व्हर्सायच्या प्रयोगानंतर जाहीर प्रयोगांवर आलेली बंदी १६६९ मध्ये उठली.