टॅपेटचा गॅप: मोजायला वीस मिनिटं, पोचायला अर्धा दिवस

मोटरसायकलच्या इंजिनात व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा कॅम यांच्यात ठेवलेली बारीक फट म्हणजे व्हॉल्व्ह क्लिअरन्स, बोलीभाषेत टॅपेटचा गॅप. ती तपासण्याचं बिल पाहून पुष्कळ जण विचारतात, 'बदललं तर काहीच नाही, मग एवढे पैसे कसले?' पैसे पोचण्याचे असतात. फिलर गेजची ठरावीक जाडीची पाती कॅम आणि बकेटच्या (व्हॉल्व्हवरच्या टोपीच्या) मधे सरकवून गॅप पाहायला एका व्हॉल्व्हमागे एखादं मिनिट लागतं. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह धरले तरी वीस मिनिटांत मोजून होतं. पण त्याआधी सीट, फेअरिंग, टाकी, एअरबॉक्स, इग्निशन कॉइल, काही गाड्यांत रेडिएटरसुद्धा काढावा लागतो, आणि नंतर हे सगळं जसंच्या तसं परत बसवावं लागतं. अनेक व्ही-ट्विनमध्ये (व्ही आकारातल्या दोन सिलिंडरच्या इंजिनात) मागच्या सिलिंडरचं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग, फ्रेममध्ये अडकलेलं असतं. तिथे हेड कव्हर बोल्ट काढूनही वाकडंतिकडं फिरवल्याशिवाय बाहेर येत नाही. याउलट बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर (समोरासमोर आडव्या सिलिंडरच्या) इंजिनात किंवा मोटो गुझ्झीच्या आडव्या व्हीमध्ये हेड दोन्ही बाजूंना बाहेर आलेली असतात, टाकीला हातही लावावा लागत नाही. म्हणजे मजुरी किती होणार हे गाडीच्या आराखड्यातच ठरलेलं असतं. हार्ले-डेव्हिडसनच्या मोठ्या व्ही-ट्विनमध्ये तेलाच्या दाबाने गॅप आपोआप भरून काढणारे हायड्रॉलिक लिफ्टर असतात, तिथे हे कामच नाही.

खर्च टाळण्यासाठी हमखास दिलं जाणारं कारण म्हणजे 'टॅपेट वाजत नाहीत, म्हणजे ठीक आहे.' हा समज इंजिनाला महागात पडतो. व्हॉल्व्ह आपल्या सीटवर (बंद होताना टेकतो त्या धातूच्या कडीवर) लाखो वेळा आपटतो आणि हळूहळू सीटमध्ये रुतत जातो. रुतला की त्याची दांडी कॅमच्या बाजूला वर सरकते, म्हणजे गॅप कमी होतो. गॅप वाढला तर टकटक ऐकू येते. कमी झाला तर इंजिन उलट आणखी शांत चालतं. गॅप शून्यावर आला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपली बहुतेक उष्णता सीटला टेकलेला असतानाच बाहेर टाकतो. टेकलाच नाही तर त्याची कड जळते. गरम इंजिन स्टार्ट व्हायला त्रास देतं, आयडलिंगला बंद पडतं, काँप्रेशन उतरतं. ही लक्षणं दिसेपर्यंत बरेचदा शिमने (बकेटखाली बसणाऱ्या, गॅप ठरवणाऱ्या छोट्या चकतीने) भागण्याची वेळ निघून गेलेली असते आणि हेड उतरवावं लागतं.

लहान इंजिनांत व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकर आर्मवर स्क्रू आणि लॉकनट असतो. हे काम घरी सहज होतं. इंजिन रात्रभर थंड झालेलं हवं, कारण मॅन्युअलमधले आकडे थंड इंजिनाचे असतात. मॅग्नेट कव्हरच्या खिडकीतली 'टी' खूण जुळवायची आणि दोन्ही रॉकर हाताने किंचित हलतात का पाहायचं. हलत नसतील तर पिस्टन वर आहे पण स्ट्रोक चुकीचा आहे. एक पूर्ण फेरा आणखी फिरवायचा. इंजिन नेहमी त्याच्या चालीच्या दिशेनेच फिरवावं. ऑटो डीकाँप्रेसर (स्टार्ट करताना आतला दाब कमी करणारी यंत्रणा) असलेल्या काही इंजिनांत उलट फिरवलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचललेला राहतो आणि गॅप शून्य असल्याचा भास होतो. लॉकनट आवळताना स्क्रूही थोडा फिरतो, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजायचंच. आणखी एक बारकावा: जुन्या स्क्रूच्या टोकाला वाटीसारखा खळगा पडतो. सपाट पाती त्या खळग्याच्या काठांवर टेकते, गेज ०.१० मि.मी. दाखवतं आणि खरा गॅप त्याहून जास्त असतो. सेटिंग करूनही टकटक जात नसेल तर आधी ते टोक बघा.

शिमच्या इंजिनात मोजताना दोन पात्या वापराव्यात. कॅमचं नाक (उंचवटा) बकेटच्या विरुद्ध दिशेला हवं. ०.१५ ची पाती लोण्यातून सुरी जावी तशी किंचित अडत सरकली आणि ०.१८ ची शिरलीच नाही, तर गॅप या दोघांच्या मधे आहे. पाती तिरकी झाली किंवा दाबून घातली की आकडा बिघडतो. सगळे आकडे कागदावर लिहायचे: सिलिंडर, इनटेक की एक्झॉस्ट, डावा की उजवा.

सगळे मर्यादेत असतील तर कव्हर बंद, काम संपलं. एक जरी बाहेर असला तर बहुतेक इंजिनांत कॅमशाफ्ट काढावे लागतात आणि मजुरी तिथून वाढते. हिशेब साधा आहे: जुनी शिम अधिक मोजलेला गॅप वजा हवा असलेला गॅप. समजा इनटेकची मर्यादा ०.१० ते ०.२० आहे, गॅप ०.०७ भरला आणि शिम २.७० ची आहे. ०.१७ हवा असेल तर २.७० + ०.०७ − ०.१७, म्हणजे २.६० ची शिम. गॅप नेहमी मर्यादेच्या वरच्या टोकाकडे ठेवावा, कारण पुढे तो कमीच होणार आहे. शिमवरचा छापलेला आकडा पुसट झालेला असतो आणि शिमही थोडी झिजलेली असू शकते, म्हणून मायक्रोमीटरने मोजावी. नव्या शिम मागवण्याआधी निघालेल्या शिमची अदलाबदल करून पाहावी. सोळा व्हॉल्व्हच्या इंजिनात एकीकडची शिम दुसरीकडे चपखल बसते आणि विकत घ्यायला दोन-तीनच उरतात.

सगळ्यात महागडी चूक कॅमशाफ्ट जागेवर धरणाऱ्या कॅम कॅप आवळताना होते. या कॅप हेडसोबतच मशीन केलेल्या असतात, सुट्या मिळत नाहीत. एक तडकली की अख्खं हेड गेलं. म्हणून बोल्ट आतून बाहेर, तिरक्या क्रमाने, प्रत्येकी अर्धा-पाव फेरा देत बसवायचे आणि शेवट टॉर्क रेंचने करायचा. हे बहुतेक ६ मि.मी.चे बोल्ट असतात आणि त्यांना साधारण १० ते १२ न्यूटन-मीटर पुरतात, तरी आकडा मॅन्युअलमधलाच घ्यावा. कॅप सैल करण्याआधी कॅम फिरवणारी चेन ताणून धरणारा चेन टेन्शनर काढायचा, आणि परत लावताना त्याचा दांडा आत ढकलून लॉक करूनच बसवायचा. बाहेर आलेल्या दांड्यासकट बोल्ट आवळले तर चेन अतोनात ताणली जाते. चेन तारेने बांधून ठेवावी, चेनच्या खाचेत स्वच्छ फडकं कोंबावं. शिम उचलताना तेलाने बकेटला चिकटून वर येते आणि मधेच सुटते. उघड्या खाचेतून ती खाली गेली तर थेट क्रँककेसमध्ये.

जुळवून झाल्यावर इंजिन पान्याने दोन पूर्ण फेरे हाताने फिरवायचं. कुठे कडक अडलं तर जोर न लावता थांबायचं. टायमिंगचा दात चुकला असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनला भिडलेला असतो. मग सगळे गॅप पुन्हा मोजायचे. कव्हरच्या रबर गॅस्केटला अर्धगोल भागांच्या कोपऱ्यात सीलंटचा ठिपकाच पुरतो, जास्तीचं आत गळून तेलाची वाट अडवतं.

टाकी उतरलेली असतानाच प्लग, एअर फिल्टर आणि रेडिएटर काढलाच असेल तर कूलंट उरकून घ्यावं; त्याच मजुरीत ही कामं निघतात. पहिली तपासणी मात्र कधीच चुकवू नये. डुकाटीच्या व्ही४ ग्रान्टुरिस्मो इंजिनाला ती ६०,००० किलोमीटरवर आहे, लहान एकसिलिंडर गाड्यांना काही हजारांवरच. काम गॅरेजमध्ये दिलं असेल तर बिलासोबत आकड्यांचा कागद मागा: आधीचा गॅप, नंतरचा गॅप, कोणत्या व्हॉल्व्हखाली कोणती शिम. आकडे देता येत नसतील तर कव्हर उघडलंच नसण्याची शक्यता असते. आणि कागद हाती असेल तर पुढच्या वेळी लागणाऱ्या शिमचा अंदाज आधीच येतो, त्या मागवून ठेवता येतात आणि गाडी अर्धी उघडी पडून राहत नाही.