एकाच पदपथाचे चार प्रहर

मुंबईची छायाचित्रे म्हटली की गेटवे, मरीन ड्राइव्हचा किनारा, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचा घुमट आणि लोकलच्या दारात लटकणारी माणसे डोळ्यांसमोर येतात. ही दृश्ये खरीच आहेत, परंतु त्यांतून शहर ओळखता येते, त्याचा स्वभाव कळत नाही. येथील माणसे अपुरी जागा आपसांत कशी वाटून घेतात, यात मला मुंबईचा स्वभाव दिसतो. आणि तो टिपायचा असेल तर शहरभर हिंडण्यापेक्षा एकाच ठिकाणी वेगवेगळ्या वेळी जाऊन उभे राहावे, असे माझे ठाम मत झाले आहे.

मी निवडलेले ठिकाण म्हणजे दादर पश्चिमेचा, केशवसुत उड्डाणपुलाखालचा आणि त्याच्या आजूबाजूचा भाग. उजाडण्यापूर्वी तेथे फुलबाजार भरलेला असतो. झेंडू, शेवंती, निशिगंध यांच्या गोण्या टेम्पोतून उतरत असतात आणि डोक्यावर ओझे घेतलेले हमाल ओरडत वाट काढत असतात. कचेऱ्यांची वेळ झाली की त्याच जागेवरून स्थानकाकडे जाणाऱ्यांची रीघ लागते. दुपारी खरेदीला आलेल्यांची गर्दी होते आणि संध्याकाळी घरी परतणारी माणसे चालता चालता भाजी घेतात. ही अदलाबदल कोणत्याही फलकावर लिहिलेली नाही, तरी ती सर्वांना ठाऊक असते.

माझ्या संग्रहातील एका छायाचित्राविषयी सांगतो. पुलाच्या खांबाला टेकून एक बाई गजरा ओवत बसली आहे; एका बाजूला ओल्या गोणपाटावर कळ्यांचा ढीग, दुसऱ्या बाजूला रिकाम्या टोपल्यांची चळत. समोरून हमाल येताच तिने मान वर न करता गुडघे आत ओढून घेतले आणि त्याचे पाऊल बरोबर त्या मोकळ्या झालेल्या वीतभर जागेत पडले. दोरा धरलेली तिची बोटे या सगळ्यात थांबली नव्हती. छायाचित्रात दोघांचेही चेहरे दिसत नाहीत, पण केवळ चेहरा टिपून मला यातले काहीच मिळाले नसते.

म्हणूनच मी २८ मिमीची, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी लेन्स वापरतो. लांबून टेलिलेन्सने, म्हणजे दूरचे जवळ आणणाऱ्या लेन्सने, माणूस गर्दीतून वेगळा काढता येतो, परंतु माणूस आणि त्याच्या शेजाऱ्यामधले अंतर, जे येथे सर्वांत महत्त्वाचे आहे, तेच चपटे होऊन जाते. दिवसा लेन्सचे छिद्र एफ/८ इतके लहान ठेवून फोकस साधारण दोन मीटरवर कायम करतो, म्हणजे क्षण आला की कॅमेऱ्याशी झटापट करावी लागत नाही. पहाटे मात्र दिव्यांच्या तुटपुंज्या उजेडात आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता, ३२०० पर्यंत न्यावा लागतो. त्याने छायाचित्रात येणारे कण मला खटकत नाहीत.

रंगांच्या बाबतीत मी छायाचित्रकार रघुबीर सिंह (१९४२–१९९९) यांच्या बाजूचा आहे. गंभीर छायाचित्रण म्हणजे कृष्णधवल, असे मानले जाण्याच्या काळात त्यांनी रंगीत फिल्मवर भारतातील रस्ते टिपले. फुलबाजारातून रंग काढून घेतला तर झेंडू आणि शेवंती यांत फरक तरी कसा कळणार? अर्थात वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस टिपलेली मुंबई कृष्णधवल असूनही तितकीच जिवंत वाटते.

पदपथावर झोपलेल्या माणसाचे छायाचित्र मी घेत नाही. त्याची तेवढीच खाजगी जागा असते आणि तीही मी घ्यावी, हे मला पटत नाही. जागेपणी टिपलेल्या कोणाला छायाचित्र नको असेल, तर ते त्याच्यासमोरच पुसून टाकतो.

छायाचित्राच्या कडा कातरताना (क्रॉप करताना) मात्र हात आखडता घ्यावा. बेस्टच्या डिझेलवर चालणाऱ्या जुन्या डबलडेकर बसगाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमच्या हटल्या, पाठोपाठ ऑक्टोबरमध्ये प्रीमियर पद्मिनी टॅक्सीही हटल्या. त्या वाहनांसाठी म्हणून मी कधी कॅमेरा उचलला नव्हता. पण माणसांच्या मागे, फ्रेमच्या कडेला, त्या अनेकदा आल्या आहेत आणि आता जुने संच चाळताना मी त्या कडाच अधिक वेळ पाहतो.