तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, जीपचं काय करणार ते

लग्नाच्या पंगतीत बट्टी कुस्करत होते, तेवढ्यात समोरून प्रश्न आला: "ताई, जीपचं काय ठरलं? इंजिन बांधताय की भंगारात काढताय?" त्याआधी हाच प्रश्न खताच्या दुकानात झाला होता, बँकेत झाला होता, आणि दर रविवारी मुलाच्या फोनवर होतोच. सहा महिने झाले, इंजिन चोपड्याला गॅरेजमध्ये उघडं पडलंय आणि मी सगळ्यांना "बघू" एवढंच सांगते. "बघू" म्हटलं की समोरचा मान हलवतो. त्याच्या मनात काय आलं ते मला कळतं. सासऱ्यांची आठवण आहे, बाईला सोडवत नाही.

तसं नाहीये. आप्पांनी जीप घेतली १९९४ साली. महिंद्राची एमएम ५४०, फोर बाय फोर, प्यूजोचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन. पण शेवटच्या दोन वर्षांत विकून टाका म्हणून मागे लागले होते तेही आप्पाच. "सूनबाई, गिऱ्हाईक आहे तोवर काढा. मी गेल्यावर तुमच्याच गळ्यात पडेल." तेव्हा त्यांच्याशी वाद घालून ती ठेवून घेतली मी. म्हणून आप्पांचं नाव काढून माझी समजूत घालू नका. त्यांचा निर्णय वेगळा होता आणि कदाचित बरोबर होता.

दुसरी गोष्ट सगळे सांगतात, ट्रॅक्टर आहे ना घरी. आहे. पण आमची केळी नाल्याच्या पलीकडे आहे, सातपुड्याच्या पायथ्याला, आणि बाया येतात त्याच्याही वरच्या पाड्यांवरून, वैजापूरच्या बाजूने. संध्याकाळी त्यांना सोडायचं तर ट्रॉलीत बसवून उतारावरून न्यायचं मला पटत नाही. दोन गावं सोडून एका ठिकाणी ट्रॉली उलटलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. पावसाळ्यात आमच्या काळ्या मातीत बैलही पोटापर्यंत रुततो. तिथे ही जीप लो गिअर टाकला की हळूहळू का होईना, निघायची. यांना साखरेमुळे नीट दिसेनासं झालं तेव्हापासून, म्हणजे नऊ वर्षं, ती मीच चालवते. घड कापायला आले की दिवसातून चार खेपा होतात. केळीची लागवड मृगबागेची असो की कांदेबागेची, मजूर वेळेवर पोचले नाहीत तर व्यापाऱ्याची गाडी आमच्यासाठी थांबत नाही.

आता पैशांचं बोलते, कारण खरं तर तेच विचारायचं असतं. लाइनर-पिस्टनचा सेट, रिंगा, बेअरिंगं, गॅस्केट, हेडचं काम, क्रँक घासणं, पंप आणि नोझल तपासून घेणं, वॉटर पंप नवा, वर मजुरी. मिस्तरींनी वहीच्या पानावर मांडून दिलं, एक लाख दहा हजार. त्यात ब्लॉक, म्हणजे इंजिनचं मुख्य धूड, चांगला निघेल असं धरलंय. तो वाकलेला निघाला तर सगळा हिशेब बदलतो. दुसऱ्या गाडीतून काढलेलं जुनं इंजिन यापेक्षा स्वस्तात बसतं, पण इंजिन नंबर बदलला की आरटीओत जाऊन आरसी बुकावर चढवावा लागतो, आणि ज्याच्याकडून घ्यायचं त्याच्याकडे कागद असतीलच असं नाही. नवी थार घ्यायची तर दहा लाखांच्या पुढे. केळीचा भाव एका हंगामात कुठून कुठे जातो ते जळगाव जिल्ह्यात मी कोणाला समजावून सांगावं?

मुलगा नाशिकला असतो. तो चिडून बोलतो, पण मुद्द्याचं बोलतो. "आई, दिल्लीत असलं जुनं डिझेल चालवू देत नाहीत, तुझी तर तीस वर्षांची आहे. चढाला लागली की मागून काळा धूर निघतो. मागच्या बाया तोच धूर खातात ना?" खातात. याला माझ्याकडे उत्तर नाही. आपल्याकडे दिल्लीचा नियम नाही आणि फिटनेस पास आहे, एवढं मी म्हणते, पण ते उत्तर नव्हे हे मलाही समजतं. नोझल नीट केले की धूर कमी होतो, हेही खरं. पण नोझल मी चार वर्षांत केले नव्हते.

माझ्याकडे गाडीच्या खर्चाची वही आहे. २०१९ ला नोंदणीचं नूतनीकरण झालं, फी सहाशे. त्याच पानावर माझ्याच अक्षरात लिहिलंय: "यापुढे या गाडीवर वर्षाला पाच हजारांच्या वर एक रुपया नाही." २०२२ च्या एप्रिलपासून फी सहाशेची पाच हजार झाली, म्हणजे २०२४ ला नुसत्या कागदात पाच हजार गेले, हरित कर वेगळा. त्या वर्षी मी वॉटर पंप बदलला नाही. वहीतलं वाक्य मी पाळलं. ते लिहिणारी बाई शहाणी होती असं इतके दिवस वाटायचं. आता वाटतं, तिने आकडा ठरवला आणि गाडीकडे बघायचं सोडून दिलं. पण तेव्हा मोठी दुरुस्ती काढली असती तरी पुढे हेच झालं नसतं, हे तरी मी कशावरून म्हणू?

काय झालं ते आता सांगते. हे अजून कोणाला सांगितलेलं नाही.

गेल्या भाद्रपदातली गोष्ट. पंधरा-वीस दिवस रोज सकाळी रेडिएटरचं झाकण उघडलं की लिटरभर पाणी कमी असायचं. पंपाच्या खाली ओल दिसायची. मी पाणी भरायचे आणि निघायचे. कापणी उरकली की दाखवू असं ठरवलं होतं. त्या संध्याकाळी पाऊस नुकताच थांबला होता. मागे सात बाया, दोन पोरं, रिकामे डबे, आणि अर्धा भरलेला पाण्याचा कॅन. नाला ओलांडून चढाला लागलो. चिखल, लो गिअर, वर एवढं वजन. तापमानाचा काटा लाल पट्ट्याला टेकलेला मी पाहिला. नीट पाहिला.

मागे बसणारी म्हातारी पुष्कळ वर्षं आमच्याकडे येते. गाडीचं तिला काही कळत नाही, पण वास तिला आला. तिने विचारलं, "ताई, पाणी टाकायचं का गाडीत? आहे कॅनमध्ये." मी म्हटलं, राहू दे, पोरांना प्यायला लागेल, तीनच किलोमीटर राहिलंय. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतायचं नसतं, हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, तडकतं, हे मला माहीत होतं आणि ते खरंच आहे. पण त्यावर उपाय असतो गाडी बंद करून अर्धा तास थांबणं. मी थांबले नाही. अंधार पडत होता, यांची गोळीची वेळ होत होती, आणि घरी कोणी नव्हतं.

दोन-तीन मिनिटांनी काटा खाली आला. आपोआप, भराभर खाली आला, जवळजवळ थंडच्या खुणेवर. मला इतकं बरं वाटलं की मी मोठ्याने म्हटलं, "बघा, उतरलं." मागच्या बायाही हसल्या.

तो काटा कसा चालतो ते मला नंतर कळलं. त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो. पाणी आहे तोवर तो पाण्याचं तापमान सांगतो. पाणी संपलं की सेन्सर कोरडा पडतो, आणि आत धातू जळत असतानासुद्धा काटा खाली येतो. म्हणजे काटा उतरला तेव्हा इंजिन थंड झालं नव्हतं, शेवटचं पाणी गेलं होतं. त्यानंतर मी गाडी आणखी दीड किलोमीटर चालवली. इंजिनाचा आवाज बदलला होता, कोरडा, टोचरा. बॉनेटच्या फटीतून तापलेल्या रंगाचा वास येत होता. मग एक हिसका बसला आणि गाडी करकरून थांबली. सेल्फ मारला तर नुसतं टक्.

बाया उतरल्या. कोणी काही बोललं नाही. मोबाईलच्या उजेडात त्या पुढे चालत गेल्या. एकीच्या कडेवर दीड वर्षांचं पोर होतं. मी गाडीजवळ थांबले. त्यांच्याबरोबर जायला हवं होतं. पुढच्या ओहोळात म्हातारीचा पाय मुरगळला, ती तीन आठवडे कामाला आली नाही. तिची मजुरी मी घरी पोचती केली. याने काही भरून निघतं असं नाही, पण लोक उलटसुलट बोलतात म्हणून सांगून ठेवते.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरने ओढून गाडी चोपड्याला नेली. मिस्तरींनी आधी बॉनेटही उघडलं नाही. मला विचारलं, "ताई, काटा वर जाईसन खाले उना व्हता का?" म्हणजे वर जाऊन खाली आला होता का. मी म्हटलं, नाही. चालता चालता एकदम बंद पडली.

असं का म्हटलं याची कारणं मी सहा महिने शोधते आहे. शेजारी दोन पोरं उभी होती. बाईमाणसाला गाडी कळत नाही हे वाक्य मी नऊ वर्षं ऐकत आले आहे, आणि त्या दिवशी ते खरं करून दाखवलं होतं. आणखी काही असेल तर अजून सापडलेलं नाही.

मी नाही म्हटलं म्हणून ऑईल पोचलं नसेल असं धरून मिस्तरी ऑईल पंपाच्या मागे लागले. पंप काढून पाहिला, ठीक निघाला. हेड उतरवलं तर दोन व्हॉल्व्हच्या मधोमध केसासारखी चीर. दुसरा आणि तिसरा पिस्टन बाहेर आला तर बाजू खरवडलेल्या, ॲल्युमिनिअम पुसल्यासारखं पसरलेलं. त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, नख फिरवा. लाइनर म्हणजे पिस्टन ज्या नळीत वरखाली होतो ती; तिच्या वरच्या तोंडाशी मी नख फिरवलं, तिथे बारीक कड लागली. रिंग जिथवर येऊन परत फिरते तिथवर लाइनर झिजतो, तिच्यावरचा भाग कोराच राहतो, म्हणून कड होते. ती तीस वर्षांच्या चालण्याची. नख आणखी खाली नेलं तर उभे ओरखडे लागले, खोल, ताजे, चकचकीत. ते त्या दीड किलोमीटरचे.

मिस्तरी एवढंच म्हणाले, "गाडी म्हतारी शे ताई, पन मरेल नव्हती." म्हणजे म्हातारी आहे, पण मेलेली नव्हती. माझ्याकडे बघून नाही, पिस्टनकडे बघून म्हणाले. त्यांना कळलं असणार. मी तेव्हाही बोलले नाही.

म्हणून मला तुमच्या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. तुम्ही सगळे वयावर बोलता. तीस वर्षांची गाडी, कितीसं ओढणार, एवढे पैसे कशाला घालायचे. वयानेच गेली असती तर मी विकून मोकळी झाले असते. पुण्याचा एक हौशी माणूस बंद अवस्थेतही पावणेदोन लाख द्यायला तयार आहे, त्याला मूळ फोर बाय फोर गाडी कागदपत्रांसकट हवीय. पण कड मोठी नव्हती. पाणी मिळालं असतं तर ती आणखी पाच-सात वर्षं चालली असती, असं मिस्तरींचंच म्हणणं आहे. मग बांधणं योग्य ठरतं. आणि लगेच दुसरं मनात येतं: एक लाख दहा हजार घालून बांधली तरी चालवणार मीच ना? वही लिहिणारी मीच, काटा बघून पुढे जाणारीही मीच. मुलाला हे सांगितलं तर तो म्हणेल, मग झालं, विकून टाक. सांगितलं नाही तर तो वयाचाच मुद्दा लावून धरेल.

क्रँकचंही, म्हणजे पिस्टन ज्या दांड्याला फिरवतात त्याचंही, एक आहे. तो आधी एकदा घासलेला आहे, आत्ता वीसमध्ये आहे, म्हणजे मूळ मापापेक्षा इंचाच्या वीस हजारांशाने बारीक, आता तीसमध्ये न्यावा लागेल. त्यानंतर फार जागा उरत नाही. म्हणजे हे बांधणं बहुतेक शेवटचंच. या महिन्यात मी दोनदा "पाठवा लेथवर" असं ठरवून घरातून निघाले आणि गॅरेजसमोरून तशीच पुढे बाजारात गेले.

बाया आता पायी येतात, सकाळी तासभर उशिरा. म्हातारी येते. परवा बांधावर भाकर खाताना तिने विचारलं, "ताई, गाडी कधी येणार?" तिलाही मी "बघू" म्हटलं, आणि त्या दिवशी दुपारनंतर माझं कामात लक्ष लागलं नाही.

मिस्तरी अजून ऑईलचाच दोष धरून चालले आहेत, निदान माझ्यासमोर तरी. इंजिन पाण्याविना इतकं तापलं होतं हे धरलं तर हेडबरोबर ब्लॉकचा फेसही, म्हणजे त्याची वरची सपाट बाजू, वाकलाय का ते पट्टी लावून तपासायला हवा, आणि तो अजून कोणी तपासलेला नाही. सोमवारी चोपड्याला जाणार आहे. आधी काट्याचं सांगेन, मग फेस मोजायला सांगेन. पट्टीखाली किती फट निघते ते बघून क्रँकचं बोलू.