घडीचा फोन पिक्चरसाठी नको, वाचायला घ्या

फोल्डेबल फोन घेऊ का असं विचारणारे बरेचजण लगेच पुढे म्हणतात, स्क्रीन मोठी आहे ना, पिक्चर बघायला मजा येईल. तर आधी तेच सांगतो, पिक्चरसाठी घेऊ नका. पुस्तकासारखा उघडणारा फोन उघडला की स्क्रीन जवळजवळ चौकोनी होते आणि पिक्चर असतो आडवा लांबट, मग वरखाली जाड काळे पट्टे. सॅमसंगच्या गॅलेक्सी झेड फोल्ड ७ ची आतली स्क्रीन ८ इंची आहे, तरी सिनेमास्कोप, म्हणजे खूप रुंद पट्टीचा पिक्चर त्यावर सॅमसंगच्याच एस२५ अल्ट्रा या साध्या, न घडणाऱ्या फोनपेक्षा मोठा दिसत नाही.

मी भाषांतराचं आणि प्रूफं तपासायचं काम करतो, आणि खरा उपयोग मला तिथे दिसला. ए४ पानाची पीडीएफ साध्या फोनवर उघडली की अक्षरं मुंगीएवढी, त्यात आपली देवनागरी, वर रफार, मात्रा, अनुस्वार, खाली उकार, पहिला की दुसरा हे कळतच नाही, झूम केलं की अर्धी ओळ स्क्रीनबाहेर, मग प्रत्येक ओळीला पान डावीकडे उजवीकडे ढकलत बसा. उघडलेल्या फोल्डची रुंदी साध्या फोनच्या जवळपास दुप्पट, त्यामुळे ओळ अख्खी दिसते आणि वाचताही येते. शिवाय एका बाजूला मूळ इंग्रजी मजकूर, दुसऱ्या बाजूला आपला मराठी, दोन्ही एकदम समोर. हे सुख साध्या फोनवर नाहीच. एक्सेल, बँक स्टेटमेंट, नकाशा, सातबारा, ज्याला रोज अशी रुंद कागदपत्रं बघावी लागतात त्यालाही हेच लागू. टायपिंगचं मात्र तसं नाही, कीबोर्ड वर आला की बराच भाग तोच खातो, लांबलचक लिहायचं तर ब्लूटूथ कीबोर्ड जोडा.

आता कोणी म्हणेल तेवढ्या पैशात साधा फोन आणि टॅब दोन्ही येतील. येतील, आणि टॅब घरात वापरणार असाल तर तेच करा. पण टॅब खिशात नसतो, उभ्याने लोकलमधे निघत नाही. आणि वजनाची तक्रारही आता राहिली नाही, २०२० चा फोल्ड २ हा २८२ ग्रॅमचा होता, २०२५ चा फोल्ड ७ हा २१५ ग्रॅमचा, म्हणजे एस२५ अल्ट्राहून हलका.

फ्लिप, म्हणजे मधे आडवी घडी पडून डबीसारखा मिटणारा प्रकार, त्याबद्दल माझं मत थोडक्यात: खिशात छान बसतो, टेबलावर अर्धा उघडून व्हिडिओ कॉल मस्त होतो, पण उघडल्यावर तो साधा फोनच.

किंमत हीच मोठी अडचण. फोल्ड ७ आपल्याकडे आला तो १,७४,९९९ रुपयांपासून. आणि धूळ. फोल्ड ७ ला आयपी४८ आहे, आयपी म्हणजे धूळ आणि पाणी किती अडतं याचा दर्जा. त्यातला ८ पाण्याचा, म्हणजे पावसाची फार काळजी नाही, पण ४ चा अर्थ एक मिलिमीटरहून मोठे कण अडतील एवढाच, बारीक वाळू त्यात धरलेली नाही. कोकणात किनाऱ्यावर बाहेर काढू नका. गूगलच्या पिक्सेल १० प्रो फोल्डला आयपी६८ आहे, म्हणजे धूळही अडते, धुळीत काम असेल तर तो बघा. आतल्या स्क्रीनवरची फिल्म स्क्रीनगार्ड समजून सोलायची नसते, ती स्क्रीनचाच भाग आहे.

दुकानात जाल तेव्हा डेमो व्हिडिओ बघत बसू नका, तुमच्या कामाची एखादी पीडीएफ त्या फोनवर उघडून दोन पानं वाचा, आणि आतली स्क्रीन बदलायला किती पडतील ते बिल करायच्या आधी विचारा.